हत्तीखान्याचे दरोगा

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

शरदचा इंदूरहून, गुडघे सांभाळून जमेल तितका साष्टांग नमस्कार. तुमचा रक्तदाब काय म्हणतो? वहिनींनी मिठाची बरणी अजून कुलपातच ठेवली आहे का? इकडे सगळे खुशाल. मी तर आज इतका खुशाल आहे की शाळेतून परतताना बडा गणपतीपाशी उभ्याउभ्या दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि घरी कोणाला सांगितलं नाही. (तुम्हीही सांगू नका.)

शाळेतून म्हणजे आपल्या संहिताच्या शाळेतून. माझी नात आता पहिली 'ब'मध्ये आहे. तिथे गेला आठवडाभर 'आवडता प्राणी' चालला होता. आपल्या वेळी गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे एवढ्यावर अख्खी पहिली निघत असे. आता वर्गात मतदान होतं. हत्ती निवडून आला. मग पोरांनी हत्ती रंगवला, हत्ती कापला, कापूस भरून हत्ती फुगवला, आणि शेवटी मॅडमनी विचारलं, की कोणाच्या घरी हत्तीची काही माहिती आहे का? आपली बया उठली आणि म्हणाली, आमच्या खापरपणजोबांकडे चाळीस हत्ती होते.

यात तिचा काही दोष नाही. आपले आजोबा होळकरांच्या हत्तीखान्याचे दरोगा, म्हणजे मुख्य अधिकारी, हे आपल्याकडे बाळाला घुटीबरोबरच पाजतात. शिवाय मी तिला भरवताना घासाला एक हत्ती देत होतो, त्यामुळे भात संपेपर्यंत चाळीस झाले. पण देवांश नावाचा एक मुलगा (वय सहा, नजर इन्कम टॅक्सवाल्याची) म्हणाला, झूठ. झालं. सगळा वर्ग तिला 'झूठी, झूठी' करायला लागला. पोरगी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली आणि म्हणाली, आता मी शाळेत कधीच जाणार नाही. अण्णा, ते रडणं मला बघवेना. त्यात तिच्या यशोधरा मॅडमचा फोन आला, की अंकलजी, आप ही आकर बच्चों को बता दीजिए ना!

काय डोंबल बताऊ? खरं काय ते जगात फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक. आजोबा दरोगा नव्हते, लीद उचलणाऱ्यांवरचे मुकादम होते. पहाटे हत्तींची लीद गोळा करवायची, बैलगाड्यांत भरवायची आणि खत म्हणून बागांत पोचवायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. बाबांनी आपल्याला हे सांगितलं तेव्हा आधी दाराला कडी लावली होती आणि नंतर शपथ घातली होती.

तेव्हा मी संहिताची समजूत घालून तिला सोबत घेतलं आणि थाप मारायचंच ठरवून गेलो. आमच्या सौभाग्यवतीने, रमाने, मोठ्या कौतुकाने मला बाबांचा जरीचा फेटा बांधून दिला. वर्गात मला पोरांच्या मापाची खुर्ची मिळाली. बसलो तो बसलो. उठलो तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली. पस्तीस पोरं टाळ्या पिटून हसली. एकटी संहिता हसली नाही. ती पहिल्या बाकावरून एकटक माझ्याकडे बघत होती. मॅडमनी आणि शिपायाने मिळून मला खुर्चीतून सोडवलं, आणि मी हौदा-अंबारीपासून सुरुवात करणार एवढ्यात निधी नावाच्या एका चिमुरडीने हात वर केला. हाथी पॉटी कितनी करता है?

मॅडम लाजल्या, पण पोरं पेटली. इंदूरची पोरं ती, स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या गावची! त्यांना पाढे येवोत न येवोत, कुठला कचरा कुठल्या डब्यात हे झोपेतसुद्धा सांगतील. निम्मा वर्ग ओरडला, गीला कचरा, हरा डब्बा! निम्मा ओरडला, सूख गई तो नीला! इतकी मोठी मावेल का, कचऱ्याचा गाडीवाला घेईल का, यावर हातघाईची वेळ आली. तेवढ्यात देवांश उभा राहिला आणि थेट मला विचारता झाला, उठाता कौन था?

अण्णा, मी संहिताकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून शपथ-बिपथ सगळं बाजूला सारून निघून गेलं, मेरे दादाजी उठवाते थे. मग थांबलोच नाही. पहाट, टोपल्या, गाड्या, बागा, सगळं सांगितलं. आणि चाळीस हत्ती आमचे नव्हते, ती चूक माझी, हेही सांगितलं. मग देवांश म्हणाला, मतलब सफाई के हेड थे? वाह भिया! आणि मला असं भाऊ करून त्याने पुढे येऊन माझ्याशी हस्तांदोलन केलं. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या, की शेजारच्या वर्गाच्या मॅडम बघायला आल्या. संहिताने माझं बोट धरलं ते कचोऱ्या खातानासुद्धा सोडलं नाही, थेट घरापर्यंत. उद्यापासून शाळेत जाते म्हणाली. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आजोबांची लाज वाटत होती याचीच आता लाज वाटते.

वहिनींना नमस्कार. प्रकृतीस जपावे.

तुमचा,
शरद

ता. क. खुर्चीचा एक पाय मोडला. मी दुरुस्त करून देणार होतो, पण मॅडमनी हात जोडून नको म्हटलं.

ता. क. २. आजोबा शाळेला फार आवडले. पंधरा तारखेच्या कार्यक्रमात संहिता खापरपणजोबा होणार आहे. मिशा, फेटा आणि हातात फावडं. आजीला सरप्राइज द्यायचं म्हणून तिने घरी अक्षर काढलेलं नाही. रमा भिशीच्या अकरा बायकांना घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. नात दरोगा होणार, अशी तिची समजूत आहे.

ता. क. ३. रमा शेजारी बसून फोन ऐकते, म्हणून हे पत्र. बेचाळीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांपुढे पोहे खाताना 'मुलगा दरोग्यांचा नातू आहे' हे वाक्य मी नाही, तुम्ही बोलला होता. चौदा तारखेचं तुमचं जबलपूर-इंदूर तिकीट सोबत जोडलं आहे. बर्थ खालचा आहे. पस्तीस पोरांना मी सांगितलं. आता एकट्या रमाला तेवढं तुम्ही सांगा.