हिरव्या ठिपक्याचा मफिन

झिंडेलफिंगेन,
१४ नोव्हेंबर २०१४

ती. सुनेत्राताईस,

धाकट्या मनोरमेचा वाकून नमस्कार. (सोफ्यावर बसून लिहिते आहे, तेव्हा मनानेच वाकले असं समज. माझी कंबर तुला माहीत आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? वाईत थंडी पडली असेल, तेल चोळायला बाई येते ना वेळेवर? भाओजींचा खोकला थांबला का? इथे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात माझं डोकं गेले चार दिवस भडकलेलं आहे. फोनवर हे सांगता येत नाही, कारण या घरात फोन म्हणजे स्काईप, आणि स्काईप म्हणजे हॉलच्या मधोमध मांडलेला कॉम्प्युटर. आपण इकडे रडावं आणि मागून सुनेनं 'मावशी, हाय!' म्हणून हात हलवावा. म्हणून हे पत्र. एकटीने वाच. भाओजींना दाखवू नकोस, ते हसतात.

तर ऐक. इथे एक घाऊक मालाचं दुकान आहे. दुकान कसलं, विमानं ठेवायची जागा असावी तेवढं. तिथे साध्या माणसाला आत घेत नाहीत, व्यापाऱ्याचं कार्ड लागतं. सुमितचा मित्र शार्दूल याचं इथे छोटं हॉटेल आहे, त्याच्या कार्डावर आम्ही शनिवारी घुसतो. (घुसतो म्हणजे रीतसर, त्याच्याबरोबर. पण मला दरवेळी चोरी करायला चालल्यासारखं वाटतं आणि, खोटं कशाला बोलू, मजाही वाटते.) तिथे सगळं राक्षसांच्या मापाचं. लोणी विटेएवढं, मोहरीची बादली. आणि तिथेच तो मेला मफिन. मफिन म्हणजे आपल्याकडचा कपकेक गं, पण हा एवढा थोरला की दोन्ही हातांत धरावा लागतो. वरून फुगून कडेने बाहेर आलेला, आत चॉकलेटचे खडे. खोक्यात डझनभर. एकटा विकतच नाहीत.

आता तू म्हणशील, मनोरमे, तू बाहेरचं घेताना बघून घेत नाहीस का? बघते! चष्मा लावून बघते! खोकं उलटंपालटं करून मी स्वतः बघितलं आणि त्याच्यावर हिरवा गोल होता. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर असतो ना, शाकाहारी म्हणून हिरवा ठिपका? तसाच. नक्षी जरा वेगळी होती, आत बाण होते, पण म्हटलं परदेश आहे, इथला ठिपका नटवा असेल. मी तर या लोकांचं कौतुक केलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला चार बायकांना सांगितलं की काही म्हणा, जर्मन माणूस शाकाहारी माणसाची कदर करतो. त्या चौघीही माना डोलावत होत्या, म्हणजे अक्कल तिथेही कमीच.

खरं सांगू का, ताई, त्या मफिनचं मला एवढं काही नव्हतं. पण सुमित पहाटे अंधारात कामाला निघतो आणि रात्री येतो तो कॉम्प्युटर मांडीवर घेऊनच. (काम काय, तर मोटारीचं दार लावल्यावर आवाज कसा येतो ते ऐकायचं. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकवलं, हे गेल्यावर मी एकटीने शिकवणी घेऊन शिकवलं, आणि मुलगा दिवसभर दारं आपटतो.) त्याची बायको कौमुदी, ती नोकरी, मुलीची शाळा आणि जर्मनचा क्लास यांच्यामध्ये पळत असते. ती चांगली आहे, उगाच बोलणार नाही. नात ईप्सिताला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते, त्यामुळे आमचं संभाषण म्हणजे मी बोलायचं आणि मीच अंदाज करायचा. मग माझ्याशी बोलायचं कोणी? तर पहाटे. मी लवकर उठते, सुमित कॉफी करतो, एक मफिन मधोमध कापतो, अर्धा त्याला, अर्धा मला. आणि तेवढा वेळ पोरगा बोलतो गं! साहेबाच्या नकला करतो. लहानपणी बोलायचा तसा बोलतो. त्या अर्ध्या तासासाठी मी या थंडीत पांघरुणातून उठत होते.

आणि सोमवारी काय झालं, ईप्सिताच्या शाळेत कोणाचा तरी वाढदिवस. तिकडे खाऊ न्यायचा तर त्यात काय काय आहे ते लिहून न्यावं लागतं. म्हणून ती खोक्यावरचं बारीक अक्षरातलं वाचत बसली. एकदम माझ्याकडे बघून जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, हो हो, शहाणी ती. तिने पुन्हा म्हटलं. मी पुन्हा शहाणी ती. तेव्हा ती कार्टी उठली, फ्रिजमधल्या त्या कप्प्याकडे गेली (ज्या कप्प्याकडे मी बघत नाही, जो या घरात आहे हे मला माहीत नाही), एक अंडं काढलं आणि माझ्या अर्ध्या मफिनशेजारी आणून ठेवलं. आणि गेनाऊ, म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर.

अगं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! दीड महिना! दीड महिना मी रोज अंडं खात होते! आणि तो हिरवा गोल? कौमुदीनं हळूच सांगितलं, तो खोक्याचा आहे, आतल्या मालाचा नाही. म्हणजे खोकं पुन्हा वापरात घेतात. खोकं शाकाहारी! मी काय खोकं खाणार होते? मग मी जे तोंड सोडलं ते सोडलं. सुमितला म्हटलं, आईला बाटवलंस. कौमुदीला म्हटलं, तुला ठाऊक असणार. (अंड्याचं ठाऊक होतं बिचारीला, पण मला ठाऊक नाही हे नव्हतं. तिला वाटलं, मी परदेशात आल्यावर सोवळं सोडलं असेल. विचारायचं कसं म्हणून विचारलं नाही.) डोक्यावरून अंघोळ केली, घरभर गंगाजल शिंपडलं, त्यात कॉम्प्युटरही भिजला, आणि दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. शेवटी म्हणाले, मला या घरात राहायचं नाही, माझं तिकीट बदल, मला पाठव.

आणि आता खरा संताप कशाचा ते सांगते. या मुलानं ऐकलं! जन्मात ज्यानं स्वेटर घाल म्हटलं तर घातला नाही, त्यानं हे ऐकलं! मफिन बंद. मला दुखवायचं नाही म्हणून घरात खोकं आणत नाही. पहाटे मला खाकरा देतो आणि स्वतः काही न खाता, कामावर खाईन म्हणून लवकर निघतो. कौमुदीनं बिनअंड्याचा मफिन शोधून आणला, सुपारीएवढा आणि चवीला लाकडाचा भुसा. मी तोंडावर छान म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी आणखी आणले. आणि काल सुमित म्हणाला, आई, तिकिटाची चौकशी केली, या महिन्याअखेरचं मिळतंय, करू का? मी काय बोलणार? मीच बोंब मारलेली. म्हटलं, कर. आईचं एवढं ऐकायचं असतं का? आई बोलते, मुलानं थोडं ऐकावं, थोडं सोडावं, एवढी रीत कळू नये? मला जायचं नाही गं, ताई. मला मुळीच जायचं नाही.

असो. गुडघ्याला जप. वरच्या फळीवरचे डबे स्वतः काढू नकोस.

तुझी,
मनोरमा

ता. क. – एक काम होतं. तू सुमितच्या नावानं चार ओळी लिही. चातुर्मास, सोवळं, सगळ्या बाबतीत घराण्यात तुझं ऐकतात. लिही की परक्या मुलखात, अजाणता, भट्टीत भाजलेल्या पदार्थात मिसळून गेलेलं अंडं धरत नाहीत, आणि सुरू केलेलं एकदम बंद केलं तर प्रकृतीला अपाय होतो. जरा रागावून लिही. मनोरमेनं खाल्लंच पाहिजे अशी आज्ञा कर. मी आधी नाही म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. अक्षर मोठं काढ, त्याला मराठी वाचायला वेळ लागतो.

ता. क. दुसरा – चॉकलेटच्या मफिनला विशेष हरकत नाही, असंही घाल. लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक ठेवला होता. हे बसून वाच. लक्ष्मीची तक्रार आलेली नाही.

ता. क. तिसरा – पाकीट तिकिटाविना चार दिवस पडून होतं, ते फोडून लिहिते आहे. काल पहाटे खिडकीतून खाली बघितलं तर सुमितची गाडी उभीच. वाटलं, बिघडली. शाल घेऊन खाली गेले, तर हा आत बसून एकटाच मफिन खातोय! अख्खं खोकं मागच्या सीटवर. मी काचेवर टकटक केली. असा दचकला, लहानपणी साखरेच्या डब्यात हात सापडायचा तसा. मी दुसऱ्या बाजूने आत जाऊन बसले. त्यानं मोडून अर्धा माझ्या हातात दिला. मला माहीत होतं त्यात काय आहे. मी खाल्ला. मग तो बोलायला लागला, ताई, आणि कामावर उशीर झाला तरी बोलत राहिला. उतरताना म्हणाला, आई, तिकीट मी केलंच नाही. तू कर म्हणालीस, पण माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, मेल्या, कधी आईचं ऐकू नकोस. आणि गाडीत बसूनच रडले.

तेव्हा चार ओळींची तसदी घेऊ नकोस. फक्त स्काईपवर जपून बोल. घरात मी सांगितलंय की आता रोज पहाटे फिरायला जाणार. कौमुदीला फार कौतुक वाटलं, तिनं मला चालायचे बूट आणून दिलेत.