चेपायची की ठेवायची

४ मार्च
आजपासून कोणावरही हात उचलायचा नाही. मेहुण्यावर तर नाहीच. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, आधी त्याच्या शर्टाची फाडलेली बाही शिवून द्या.
काम जोरात. आमच्या यार्डात भंगार गाड्या चेपतात. क्रेनचा पंजा गाडी उचलतो, प्रेसमध्ये टाकतो, खलास. कुठली चेपायची ते ऑफिसातला माझा प्रोग्रॅम सांगणार, पंजा आणि प्रेस चालवणारा मेहुण्याचा प्रोग्रॅम ते ऐकणार. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मधे दुभाष्यासारखी वेब सर्व्हिस. गाडीच्या माहितीत काय काय असेल आणि ते कुठल्या प्रकारचं, त्याचं वर्णन मी लिहायचं. चहा गार व्हायच्या आत होईल.

६ मार्च
वर्णन पूर्ण. गाडी, तिच्या पोटात मालक, मालकाच्या पोटात पत्ता, शिवाय काढलेल्या पार्ट्सची यादी. आणि 'चेपायची का?' हा रकाना. सगळ्यांचा प्रकार एकच ठेवला: मजकूर. वजन मजकूर, तारीख मजकूर, हो-नाही सुद्धा मजकूर. मजकूर कुठल्याही भाषेला कळतो. याला व्हिजन लागते.
मेहुणा म्हणाला, दाजी, वजनाला आकडा म्हणा, हो-नाहीला हो-नाही म्हणा, तयार प्रकार आहेत त्यासाठी. मी अतिशय शांतपणे सांगितलं, की तुझं नाक वाहत होतं तेव्हापासून मी कोड लिहितोय. त्याने कॉलर धरली. कीबोर्ड मी फेकला नाही. हातातून सुटला आणि त्याच्या कपाळाला लागला. तीन टाके.

७ मार्च
बायको बोलत नाही. संकल्प शाबूत आहे. हात उचलला नव्हता, कीबोर्ड उचलला होता.

११ मार्च
टेस्ट. पाच गाड्या, पाचही चेपायच्या. पाचही चेपल्या. काचा उडाल्या, छत दरवाजात घुसलं, इंजिनातून काळं तेल रक्तासारखं वाहिलं. छाती भरून आली.
मेहुणा म्हणाला, एखादी न चेपायची पाठवून बघू. वेळ घालवायचे धंदे. ज्याला हो कळतं त्याला नाही कळणारच.

१३ मार्च
खरं काम सुरू. चौदा चेपायच्या, सहा ठेवायच्या. वीसच्या वीस चेपल्या.
चूक मेहुण्याची. माझ्याकडून त्या सहांना स्वच्छ false, म्हणजे 'नाही', गेलाय, पुरावा आहे. तो म्हणतो, तुम्ही मजकूर म्हणालात, आणि माझ्या भाषेत मजकूर रिकामा असला तरच 'नाही'. आत काहीही लिहिलं की 'हो'. म्हणजे माझा false तिकडे पोचल्यावर होकार होतो. असल्या भाषेत काम करणाऱ्याची बहीण मी केली, हे माझं धाडस.

१४ मार्च
त्या सहांतली एक गाडी एका खाटकाची. दुरुस्त होऊन परत जायची होती. तो घ्यायला आला. त्याला ट्रंकेएवढा ठोकळा दाखवला.
मी त्याला माझ्या वर्णनाची रचना समजावून सांगत होतो. गाडीच्या पोटात मालक, एवढंच म्हणालो. त्याला ती धमकी वाटली असावी. त्याने शेजारचा पाना उचलला. वरचा एक दात गेला, डाव्या बरगडीला तडा. मेहुण्याने त्याला मागून मिठी मारून ओढला, स्वतः दोन रट्टे खाल्ले. तशी गरज नव्हती. मी खालून परिस्थिती हाताळत होतो.
यार्डाचे मालक म्हणाले, तो प्रकार बदला आणि विषय संपवा. मी बरं म्हटलं.

१५ मार्च
प्रकार बदलला तर मेहुणा जिंकतो. त्यापेक्षा चांगला उपाय सुचला. false ऐवजी FALSE. मोठ्या अक्षरांत. आता कसं दुर्लक्ष होतं बघतो. मालकांना कळवलं, दुरुस्त झालं.

१८ मार्च
क्रेनवाला पैलवान एका ठेवायच्या गाडीत बसून रेडिओ काढत होता. पंजा आला, छतात नखं रुतवून गाडी उचलली. पैलवान आतून काचेवर बुक्के मारत होता. गाडी प्रेसमध्ये पडली, दरवाजा आत येऊ लागला.
मेहुणा धावला. फुटलेल्या काचेतून दोन्ही हात घालून त्याने पैलवानाला खेचलं, पाय अडकला तरी खेचत राहिला. पैलवान बाहेर आला. मेहुण्याचे हात आत राहिले. मग कोणीतरी लाल बटण दाबलं.
मी ऑफिसच्या खिडकीत होतो. खिडकीपाशीही एक लाल बटण आहे. ते मी दाबलं नाही. जिने उतरत होतो, असं सगळ्यांना सांगितलं आहे.

१९ मार्च
FALSE मध्ये काही चूक नव्हती.

२१ मार्च
हॉस्पिटल. पैलवानाचा पाय मोडलाय, वाचेल म्हणतात. मेहुण्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. बायको त्याला चमच्याने सूप भरवत होती. तो लाथ घालेल असं वाटलं, म्हणून खुर्ची जरा लांब घेतली.
तो म्हणाला, दाजी, लॅपटॉप उघडा, सोमवारी प्रेस सुरू करतायत. तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो. वजन, आकडा. तारीख, तारीख. पार्ट्स, यादी. मग 'चेपायची का?' आलं. बूलियन, तो म्हणाला, हो-नाहीचा तयार प्रकार.
मी थांबलो. काय झालं, त्याने विचारलं.
स्पेलिंग विचारलं. बायकोचा चमचा हवेतच राहिला. त्याने डोळे मिटले आणि एकेक अक्षर सांगितलं, सावकाश, मला लिहिता येईल असं.