दुकानातलं गार सॅलड

४ जून, मंगळवार
आजही तेच! पास्ता उकळा, निथळा, गार पाण्याखाली धरा, परातीत पसरा. काकडी, ढोबळी मिरची, कांदा, ऑलिव्ह. सलामीच्या बारीक पट्ट्या. तेल-व्हिनेगर निम्मं आत्ता, निम्मं गिऱ्हाईक आल्यावर — पास्ता सगळं पिऊन टाकतो मेला. दुपारी ऑफिसातली माणसं रांग लावतात आणि दादा गल्ल्यावरून ओरडतो, "माझ्या बहिणीच्या हातचं आहे!" वाटतं, हे हात इथेच काढून ठेवावेत आणि आपण चालू पडावं.

दुकान नवं होतं तेव्हा चार दिवस मदतीला म्हणून आले होते. किती उन्हाळे गेले त्याला!

५ जून, बुधवार
मैत्रिणीचा फोन. बंदराजवळच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर बघते ती. "एक जागा रिकामी आहे. शेगडीवरचं काम. पुढच्या शनिवारपर्यंत ये, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतील." हो म्हणून बसले! तोंडातून निघूनच गेलं.

७ जून, शुक्रवार
दादाला सांगितलं. तो सलामी कापत होता. यंत्र बंद केलं आणि हसला. "तू गेल्यावर दुकानाला कुलूप लावू का?" चिडला असता तर भांडले असते. हसणाऱ्या माणसाशी काय भांडणार? वहिनी भांडी पुसत होती.

८ जून
दिवसभर मान खाली घालून कांदे चिरले.

९ जून, रविवार
वहिनी आपणहून म्हणाली, "ताई, सॅलड मला शिकवा." मी बघतच राहिले! मला वाटेला लावायची घाई झालेली दिसते. असू दे. माझ्या पथ्यावरच पडतंय.

११ जून, मंगळवार
पहिल्या दिवशी पास्त्याचा पार गोळा केला होता तिने. आज नेमका शिजवला. हात चांगला आहे! मध्येच विचारते, "एवढं येत असलं की बाहेर काम मिळतं का हो?"

"मिळतं की. मला नाही का मिळालं?"

"कुठे आहे ते नक्की?" सगळं सांगितलं — बंदर, वसतिगृह, मागचं दार. मलाच बोलायला कुणीतरी हवं होतं.

दादाने चव घेतली. "वा! आता हिला मी कुठे सोडत नाही!" म्हणाला आणि हसला. मीही हसले. वहिनी पट्ट्या कापत राहिली.

१३ जून, गुरुवार
सुटले! जेवताना दादा ताटातून मान वर न करता म्हणाला, "जा बाई. ही आहे आता." शनिवारी दुपारची बस. बॅग भरली. वहिनीला मिठी मारली तर ती हमसून हमसून रडली. मी जाते म्हणून इतकं रडेल असं वाटलं नव्हतं.

१५ जून, शनिवार
वहिनी गेली. पहिल्याच बसने. "मला शोधू नका" एवढंच दादाला सांगून. त्याला वाटलं, चिडलीये, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईल.

दादा दुकानाच्या पायरीवर बसून आहे. "तू तरी थांब गं." आज हसत नाहीये तो.

मैत्रिणीला फोन केला, येत नाही म्हणून सांगायला. ती म्हणाली, "अगं, तुझी वहिनी मघाशीच आलीये. कामालाही लागली. तूच पाठवलंस ना तिला?"

दादा दारातून माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं. "मीच पाठवलं."