उजवा समास

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६

ताईकडून अंक परत आणला. उजवा समास कोरा.

आमची रीतच आहे. कोठीच्या रद्दीबाजारात फुटपाथवर रबरी ठशांच्या छंदाचं जुनं अमेरिकन मासिक मिळालं की आधी मी वाचायचं, आवडलेल्या पानाच्या डाव्या समासात माझा ठसा उमटवायचा आणि अंक विद्यानगरला ताईकडे द्यायचा. उजवा समास तिचा. तिथे तिचा लाल गुलाब ठरलेला. हे म्हणतात, केबलवर आता सगळं दिसतं, ती रद्दी कशाला आणतेस? केबलला समास असतो का?

भाऊजी गेल्यापासून ताईने ठसे हातात घेतलेच नव्हते. जरा मन रमेल म्हणून हा अंक मुद्दाम दिला होता. आज म्हणाली, "नक्को गं आता. लाल शाईचं पॅड सासूबाईंनी उचलून ठेवलं. बोटं लाल दिसतात, लोक काय म्हणतील, म्हणाल्या."

कुंकू गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या. आता शाईसुद्धा? आणि मी काय केलं? चहा प्यायले. निघताना तिच्या सासूबाईंच्या पायाही पडले. शी!

आत्ता पुन्हा पानं चाळली. कोराच समास. मिटता मिटता पान दिव्यापाशी तिरकं झालं आणि दिसलं. गुळगुळीत कागदाची चकाकी तेवढ्याच जागी उडालीय, गुलाबाच्या आकारात.

ठसा नुसत्या पाण्यात बुडवून उमटवलाय. पानोपानी.