कागदोपत्री घरी परतलेले वडील

प्रति,
मा. उपसंचालक,
कुटुंब साहाय्य व बालपोटगी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या घरी न राहणारा इसम तिथेच राहतो असे आपल्या कार्यालयाने ठरवल्याबाबत, आणि त्यामुळे तिच्या मुलीवर ओढवलेल्या परिस्थितीबाबत.

संदर्भ : १) गैरलाभ प्रतिबंध कक्षाचा तपासणी अहवाल व साहाय्य बंद केल्याची नोटीस. २) बालपोटगी वसुली कक्षाचे ‘वडील सापडले, प्रकरण निकाली’ हे पत्र. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

मागच्या दोन्ही अर्जांची सुरुवात अर्जदाराने ‘सविनय’ या शब्दाने केली होती. या अर्जात तो शब्द नाही. तो चुकून राहिलेला नाही, जाणूनबुजून गाळला आहे. बाकी अर्ज नमुन्याप्रमाणे आहे, डावीकडे समास सोडला आहे, आणि चार नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी “सारखं ‘मी, मी’ काय लिहिता, ‘अर्जदार’ लिहा की” असे सुनावल्यामुळे सगळीकडे ‘अर्जदार’ असेच लिहिले आहे.

१. अर्जदार गेली अकरा वर्षे इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुण्याचे आणि घड्या घालण्याचे काम करते. त्या चादरींवर काय काय असते ते आपल्याला सांगायला नको. एवढ्या वर्षांत तिने कधी नाक मुरडलेले नाही. आपल्या कार्यालयाचा तीन पानी अहवाल वाचून खाली ठेवल्यावर मात्र तिने साबणाने हात धुतले. हे रागाच्या भरात लिहिलेले नाही. झाले तसे लिहिले आहे.

२. मुलीचे वडील (यापुढे ‘सदर इसम’) साडेतीन वर्षांपूर्वी घर सोडून गेले. मुलगी आज आठ वर्षांची असून दुसरीत आहे. वडील घरी नसल्याने मुलीसाठी आपल्या कार्यालयाचे मासिक साहाय्य सुरू झाले. पोटगीचा हुकूम झाला, त्याची प्रत आपल्या कार्यालयात आहे. त्यानंतर दोन वर्षे वसुली कक्ष एकच वाक्य लिहीत आला : ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर आढळून येत नाही.’ अर्जदाराने तो ज्या टायरच्या वर्कशॉपमध्ये काम करतो तिथला पत्ता दिला, त्याच्या बहिणीचा पत्ता दिला, शेवटी तो रोज सकाळी ज्या दुकानात चहा पितो ते दुकानही सांगितले. त्यावर कक्षातील लेखनिक म्हणाले, “बाई, चहाच्या दुकानावर सरकारी पत्र जात नाही.” अर्जदाराने विचारले, माणूस जातो तिथे पत्र का जात नाही? तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी झाली.

३. आता बुटांविषयी. अर्जदार मुलीला घेऊन एकटी राहते. मधल्या काळात दोनदा कोणीतरी अनोळखी माणूस दार ढकलून पाहून गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “दाराशी बाप्याचे बूट ठेव गं. बूट दिसले की कुणी घुटमळत नाही.” म्हणून अर्जदाराने जुन्या बाजारातून तपकिरी रंगाचे, नाडीचे, नऊ नंबरचे बूट आणले. ते रोज थोडे हलवून ठेवायचे, आठवड्यातून एकदा पॉलिश करायचे, म्हणजे वापरातले वाटतात. मुलीलाही शिकवले होते, की आई कामावर असताना दारात कुणी आले आणि वडिलांची चौकशी केली, तर साखळी न काढता सांगायचे, ‘पप्पा आत झोपलेत.’ असे शिकवण्याची लाज अर्जदाराला तेव्हाही वाटली, पण दुसरा उपाय नव्हता. एकट्या बाईला घरात पुरुष असल्याचा देखावा करावा लागतो हे तपासणी निरीक्षकांना त्यांच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलेले दिसत नाही.

४. आपल्या कार्यालयाने मध्यंतरी ‘खोटा लाभार्थी शोधा’ ही मोहीम काढली. जिन्यात तिचे मोठे फलक आहेत, वर फोन नंबर आहे, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची हमी आहे. फसवणाऱ्यांना पकडावे, याला अर्जदाराची काडीचीही हरकत नाही. तिच्याच रांगेत सोन्याच्या बांगड्या पदराखाली झाकून उभ्या राहणाऱ्या बाया तिने पाहिल्या आहेत आणि त्यांची तिला शिसारी येते. अर्जदाराविरुद्ध तक्रार आल्यावर निरीक्षक एका शनिवारी सकाळी दहा वाजता घरी आले. अर्जदार कामावर होती. निरीक्षकांनी बुटांचा फोटो काढला. मग फटीतून मुलीला विचारले, “पप्पा घरी असतात का?” मुलीने शिकवल्याप्रमाणे उत्तर दिले. अर्जदाराचे घर दीड खोलीचे आहे. त्या फटीतूनसुद्धा अख्खा पलंग दिसतो. पलंगावर त्या वेळी एक उशी आणि मुलीचे दप्तर होते. अहवालात पान दोनवर लिहिले आहे : ‘सदर इसम निद्रिस्त असल्याने त्यांना उठवणे उचित वाटले नाही.’ इतकी वर्षे ज्याला कोणी शोधले नाही, त्याच्या झोपेची मात्र सरकारने इतकी काळजी घेतली. पुढे असेही लिहिले आहे की बूट ‘नियमित निगा राखलेले’ असून त्यावरून कौटुंबिक जीवन सुरळीत असल्याचे दिसते.

५. सदर इसमाच्या पायाला सहा नंबरचा बूट लागतो. अर्जदाराने हे खिडकीवर सांगितले, त्याचा जुना सँडलही नेऊन दाखवला. निरीक्षक म्हणाले, “मापाचा रकाना फॉर्ममध्ये नाहीये.” त्याच आठवड्यात साहाय्य बंद झाले. कारण, वडील घरी राहतात. त्याच्या पुढच्या आठवड्यात वसुली कक्षाने पोटगीची फाइल बंद केली. कारण तेच. अर्जदाराने विचारले, कुठे सापडले? लेखनिक हसून म्हणाले, “तुमच्याच घरी की हो! अभिनंदन.” या दोन्ही कक्षांच्या मध्ये एक व्हरांडा आहे आणि दोन्ही कागदांवर सही आपली आहे. महिनाअखेरीस सूचना फलकावर मोहिमेचा तक्ता लागला. त्यात ‘उघडकीस आलेला गैरलाभ’ या रकान्यात अर्जदाराचे प्रकरण मोजले आहे आणि ‘शोध लागलेले वडील’ या रकान्यातही. एका रिकाम्या पलंगावर आपल्या कार्यालयाने दोनदा शाबासकी मिळवली.

६. अर्जदाराने तक्रारीची प्रत मागितली. प्रत मिळाली. तक्रारदाराचे नाव काळ्या शाईने झाकले होते, अक्षर झाकायचे कोणाच्या डोक्यात आले नाही. ते अक्षर सदर इसमाचे आहे. त्याच्याबरोबर सहा वर्षे काढल्यावर अर्जदाराला ते अंधारातही ओळखता येईल. प्रत्येक ओळ उजवीकडे खाली घसरत जाते. म्हणजे, ‘हिचा नवरा हिच्याच घरी राहतो’ अशी तक्रार नवऱ्याने स्वतः केली, म्हणजे त्याची पोटगी आपोआप मिटली, आणि आपण त्याला नाव गुप्त ठेवण्याची हमी दिली. आपल्या दोन्ही कक्षांना मिळून जे जमले नाही, ते त्याने एका पानात जमवले.

त्या तक्रारीत बुटांचे वर्णन आहे. रंग, नाडी, पॉलिश, सगळे बरोबर. बूट तो गेल्यानंतर आणलेले आहेत. म्हणजे तो दारापर्यंत आला होता. आत आठ वर्षांची मुलगी होती. बूट पाहून तो तिथूनच परत गेला आणि घरी बसून त्याने आपल्याला पत्र लिहिले. हे मुलीला माहीत नाही आणि कळू द्यायचेही नाही. आपण हा परिच्छेद फाइलमध्ये ठेवताना एवढी काळजी घ्यावी.

७. यावर उपाय म्हणून आपल्या कार्यालयाने कळवले, की मुलीला समितीसमोर हजर करावे, आणि आपण निरीक्षकांशी खोटे बोललो असे तिने पाच अधिकाऱ्यांपुढे सांगून त्याखाली सही करावी. अर्जदार मुलीला आणणार नाही. साहाय्य कायमचे बंद राहिले तरी आणणार नाही. बापाने पळ काढला, निरीक्षकांनी फटीतून सरकार चालवले, मोठ्या माणसांनी इतके सगळे निस्तरायचे सोडून ठेवले, आणि कबुली कोणाची हवी, तर दुसरीतल्या पोरीची! हे वाचून अर्जदाराला आपल्या कार्यालयाचा वीट आला. अर्जदार जादा पाळी करते आहे. खायला मिळते आहे, त्याची चिंता आपण करू नये.

८. अर्जदार आज आपल्याकडे आली आहे ती वेगळ्या कारणासाठी. नोटिशीसोबतचा अहवाल घरी टेबलावर होता. मुलीला आता वाचता येते. रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, जे दिसेल ते ती मोठ्याने वाचते. तिने अक्षर अक्षर जुळवत वाचले : ‘मुलीचे वडील वरील पत्त्यावर कायम वास्तव्यास आहेत.’ मग म्हणाली, “आई, यावर शिक्का आहे.” शिक्क्याचा कागद खरा असतो हे तिला अर्जदारानेच शिकवले होते, शाळेचा दाखला दाखवून. अर्जदार म्हणाली, नाही गं, ते चुकून लिहिलंय. मुलीने विचारले, “मग सरकार खोटं लिहितं?” अर्जदाराने अहवालाची घडी घालून तो ठेवून दिला. मग मुलीने दुसरे विचारले, “ते येतात आणि तू त्यांना घालवून देतेस का?”

तेव्हापासून ती आईशी धड बोलत नाही. ताटे मांडताना तीन मांडते. आणि आई झोपली की उठून दाराची कडी काढून ठेवते, वडिलांना आत येता यावे म्हणून. गेल्या बारा दिवसांत सहा वेळा सकाळी अर्जदाराला कडी काढलेली सापडली. दार ढकलून पाहणारे लोक अजून त्या गल्लीत आहेत. अर्जदाराने कडीला कुलूप लावले, तर मुलगी कुलपाजवळ जमिनीवर झोपली. अर्जदाराने तिला समजावले, रागावली, एकदा मारलेही. उपयोग झाला नाही. आईच्या तोंडी बोलण्यापेक्षा आपला शिक्का मोठा ठरला आहे.

९. सबब विनंती. अहवाल रद्द करणे, साहाय्य सुरू करणे, पोटगीची फाइल उघडणे, सदर इसमावर खोट्या तक्रारीबद्दल कारवाई करणे, हे सर्व आपण नियमाप्रमाणे आणि सवडीने करावे. आपली सवड किती लांबीची असते याची अर्जदाराला कल्पना आहे. परंतु एक काम आजच करावे. अर्जदाराच्या मुलीच्या नावे एक पत्र द्यावे. कार्यालयाच्या कागदावर, मोठ्या सुट्या अक्षरांत, जोडाक्षरे शक्य तितकी कमी, खाली आपली सही आणि तोच गोल शिक्का. मसुदा सोबत जोडला आहे. तो मान्यतेसाठी वर पाठवू नये. पत्र हातात पडेपर्यंत अर्जदार आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून आहे, आणि शिपायांना तिने तसे सांगितले आहे.

आपल्याकडून आणखी काही अपेक्षा न उरलेली,
अर्जदार
(सही)
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१) पोटगीच्या हुकमाची प्रत.
२) तक्रारीची प्रत व सदर इसमाच्या हस्ताक्षरातील जुने पत्र, ताडून पाहण्यासाठी.
३) मुलीला द्यावयाच्या पत्राचा मसुदा, पुढीलप्रमाणे :

‘बाळ,
तुझे पप्पा तुमच्या घरी राहत नाहीत. आम्ही नीट बघितले नाही आणि चुकीचे लिहिले. चूक आमची आहे. तुझी नाही. आई खरे बोलते. तिने कुणाला घालवून दिलेले नाही. दाराला कडी लावून झोपत जा.
शिक्का खाली आहे. तो खरा आहे.’