चौसष्ट पानं

सोम., ३ नोव्हें.
निखिल आला. चार वर्षांनी! लोणावळ्याच्या या माझ्या नोटरी ऑफिसात सहा वर्षं ज्युनियर होता. आता तळेगावच्या कंपनीत लीगल मॅनेजर, टाय-बिय लावून. त्यांची कंपनी परदेशी कंपनीत विलीन होतेय. कराराची प्रत मुळाशी ताडून ‘खरी प्रत’ म्हणून द्यायची. मग मुंबईचा शिक्का, मग दिल्लीचं अपोस्टिल, म्हणजे परदेशासाठीचा सरकारी दाखला, तेव्हा ती तिकडं चालणार.
"मूळ कुठाय?" "गाडीत आहे मॅडम, आणतो."
चहा आला, गप्पा निघाल्या. अगदी जुन्यासारखं. पानं तो उलटतोय, शिक्का तो मारतोय, मी नुसत्या सह्या. किती पानं रे? "चौसष्ट." रजिस्टरला लिहून टाकलं. गाडीतलं मूळ गाडीतच राहिलं. बरं वाटलं आज. पोरगा विसरला नाही.

गुरु., २० नोव्हें.
गंगारामभाऊ आले, वाडीवरचे. कारखाना उभा आहे तो यांच्याच जमिनीवर, बदल्यात घरटी एक नोकरी. विलीनीकरणातही त्या टिकाव्यात म्हणून अकरा घरांची यादी करारात घालायला मीच अर्ज करून दिला होता.
"ताई, परदेशातला सायेब म्हनतोय, तुमची नावंच न्हाईत कागदात. आसं कसं? तुमीच तर लिवली."
शक्यच नाही म्हटलं. ऑफिसची प्रत काढली. यादी नाही. भाऊंनी पिशवीतून ग्रामपंचायतीला मिळालेली प्रत काढली. सहासष्ट पानं. शेवटची दोन म्हणजे यादी.
यादी शेवटी आहे हे मला माहीत, आणि मीच शेवट पाहिला नाही! भाऊंना "बघते" एवढंच म्हणाले.

शुक्र., २१
तिसऱ्यांदा लावला तेव्हा निखिलने फोन उचलला. "ती दोन पानं काढायला वरून सांगितलं होतं, मॅडम." मग आवाजच बदलला. "रजिस्टरलाही चौसष्टच आहेत ना? सही तुमची. उकरलंत तर लायसन्स तुमचं जाईल."
हलकट मेला! मूळ पाहिल्याशिवाय शिक्का नाही, हे याच्या डोक्यात घालायला सहा वर्षं घसा कोरडा केला. मी कुठं ढिली पडते ते यालाच ठाऊक. चहासुद्धा त्यानेच मागवला होता.
चूक माझी. आहेच. पण शिक्का मारताना हसत होता तो. ते काही जात नाही.

रवि., २३
हे म्हणतात, "गप्प बस. अजून किती वर्षं करणारेस?" बरोबर आहे. भाजी करपली. दोघांनी तशीच खाल्ली.

सोम., २४
पत्र टाइप केलं. एक दिल्लीला, एक त्या परदेशी कंपनीला. ‘मी साक्षांकित केलेली प्रत अपुरी आहे. मूळ प्रत मी पाहिली नव्हती.’ दुसरं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा परत घातलं. लायसन्स जाणार ते त्याच वाक्यानं. आणि ते काढलं तर पत्राला कोण विचारतं?
भाऊंना अकराला बोलावलंय, पत्राला जोडायची सहासष्ट पानं घेऊन. या वेळी स्वतः मोजणार.
पत्रांवर शिक्का मारला, माझ्या हाताने. सही राहिलीय. जिन्यात भाऊंचा खोकला ऐकू येतोय, आणि टेबलावर माझा फोन वाजतोय, निखिलचा.