टोपी, शेपूट आणि माझी दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, सकाळी ९
भार्गवीच्या इन्स्टिट्यूटमध्ये १ मार्चला ओपन डे आहे. भार्गवी म्हणजे बहिणीची मुलगी. आरएनएवर पीएच.डी. करते आणि इस्त्री न केलेले कपडे घालते. आरएनएच्या टेबलावर लोकांना समजावून सांगायला माणूस हवा म्हणाली. मी म्हटलं, मी आहे. कॉन्व्हेंटमध्ये चौतीस वर्षं बायॉलॉजी शिकवली. यावर ती म्हणते, "मावशी, तुझ्या पुस्तकात आरएनए अर्धं पान होता." उद्धट! शेवटी दहा मिनिटं दिली. नीट जमलं तर त्यांची टीम वर्षभर शाळाशाळांत जाते, तिच्यात मला घेतील. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पुन्हा वर्ग! मी म्हटलं, दहा मिनिटं पुष्कळ, मला आजवर कोणी पाल्हाळिक म्हटलेलं नाही. आमच्या नरसिंहरावांना एकदम खोकला आला.
संकल्प: घड्याळ पाहून बोलायचं. 'आमच्या वेळी' म्हणायचं नाही. कोणालाही उभं करायचं नाही.

७ फेब्रुवारी
भार्गवीकडून समजून घेतलं. आरएनए म्हणजे जनुकाचा निरोप, पण आधी कच्चा. पेशी त्यातले मधले नको ते तुकडे कापते, उरलेले जोडते, डोक्याला टोपी घालते, मागे लांब शेपूट लावते. इथवर ठीक. मग त्या निरोपावरून प्रथिनं बनतात, शेपूट झिजत जाते, आणि ती संपली की पेशी स्वतःच निरोप कुरतडून टाकते. चांगला धडधाकट निरोप! हा शुद्ध गलथानपणा आहे. माझ्याकडे प्रिन्सिपलची १९८४ पासूनची प्रत्येक नोटीस आहे.
भार्गवी म्हणाली, काही निरोप मिनिटांत नाहीसे व्हावेच लागतात, नाही तर गरज संपली तरी पेशी तेच ते बनवत बसते आणि आजार होतात. अगदी पटलं. अशी माणसं असतात. खालच्या मजल्यावरची अंबुबाई चार वर्षं एकाच गुडघ्याबद्दल बोलते.

१२ फेब्रुवारी
गेटवरच्या कृष्णाजीपुढे सराव. पंचेचाळीस मिनिटं. पण त्यात त्याने सतरा वेळा गेट उघडलं, म्हणजे निव्वळ दहाच धरायला हरकत नाही. शेवटी "साकु, अक्का" म्हणाला. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. म्हणजे पुरेसं समजलं.

१८ फेब्रुवारी
कल्पना सुचली! स्लाइड्स नकोत, हार. पांढरी शेवंती म्हणजे कामाचे तुकडे, पिवळी म्हणजे कापायचे. टोपीला गुलाब, शेपटीला अबोली. कोपऱ्यावरच्या गंगव्वाला सहा हात लांब हार सांगितला. ती स्वतःच्या हाताने मोजते, आणि तिचे हात आखूड आहेत, हे तिला सांगितलं. कात्रीने पिवळी फुलं कापणार हे कळल्यावर ती म्हणाली, "कापायचंच होतं तर ओवायचं कशाला, अक्का?" फुलवाल्या बाईने मला प्रश्न विचारावा! उत्तर अर्थातच मला येत होतं. फक्त ऊन फार होतं.

१९ फेब्रुवारी
भार्गवीला सहज फोन केला. एकच कच्चा निरोप वेगवेगळ्या ठिकाणी कापला की वेगवेगळी प्रथिनं मिळतात, म्हणून ओवायचं. मला हेच म्हणायचं होतं. गंगव्वाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग हार एकच, गिऱ्हाइकं दोन." माझ्या वीस मिनिटांचं तिने पाच शब्दांत काय करून टाकलं!

२६ फेब्रुवारी
नरसिंहरावांपुढे रंगीत तालीम. बाराव्या मिनिटाला ते बँकेत गेले, पासबुक भरून आणलं, येताना कोथिंबीर घेतली. दारातूनच विचारलं, "अजून टोपीच?" यांना विज्ञानाची गोडी कधीच नव्हती. टोपीचा भाग मात्र स्वल्प आवरेन. उद्या.

१ मार्च, सकाळी ६
निळी इरकली. हार ओल्या फडक्यात. घड्याळ डाव्या मनगटावर. तयारी पूर्ण.

१ मार्च, संध्याकाळी ७
अभूतपूर्व!
आनेकलच्या सरकारी शाळेची आठवी आली, चाळीस मुलं. मी कन्नडमध्ये सुरू केलं. घड्याळ पाहिलं नाही, कारण मुलांच्या डोळ्यांत पाहायचं होतं. 'आमच्या वेळी' फक्त पाच वेळा म्हटलं. एकाला उभं करावं लागलं. तो आधीच उभा होता, म्हणून बसवून पुन्हा उभं केलं.
अठ्ठाविसाव्या मिनिटाला, टोपी संपताना, एका चिमुरडीने विचारलं, "मिस, शेपूट संपलीच नाही तर?" सुरेख प्रश्न! तिला नीट कळावं म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. मुलं शिस्तीत एकेक करून बाहेर पडली. जाताना प्रत्येकाने हाराच्या टोकाची अबोलीची दोनदोन फुलं तोडून नेली. शेपूट डोळ्यांदेखत झिजली. याहून चांगलं प्रात्यक्षिक कोणत्या लॅबमध्ये होईल? शेजारच्या सूक्ष्मदर्शकाच्या टेबलालाही माझ्यामुळे गर्दी झाली.
चिमुरडी शेवटपर्यंत थांबली. हाराचं दुसरं टोक तिच्या हातात होतं आणि सोडायला मी सांगितलं नव्हतं. तिच्या सरांनी बसमधून हॉर्न वाजवला तेव्हा म्हणाली, "थँक्यू मिस." सहा वर्षांनी कोणीतरी मला मिस म्हणालं. कात्री डोळ्यांसमोर अंधुक दिसत होती. चष्म्याचा नंबर तपासायला हवा.

३ मार्च
भार्गवी स्वतः घरी आली. कपडे इस्त्रीचे! म्हणजे गंभीर बाब. तिच्या मार्गदर्शकांनी, वादिराज सरांनी, शाळांच्या टीममध्ये संपदाला घेतलं. पंचविशीची पोर. चार मिनिटांत सगळं उरकते आणि मग मुलांना विचारत बसते, तुम्हाला काय वाटतं? मुलांना काय वाटायचंय! मी काही बोलले नाही. म्हणजे पाऊण तासच बोलले.
मग भार्गवी बांगडीशी चाळा करत म्हणाली, माझी पद्धत सरांच्या लक्षात राहिली आहे. पुढच्या वर्षी मुख्य हॉलमध्ये मीच हवी, अगदी शेवटी, साडेचारला. बघा! शेवटचा मान. पाचला हॉल बंद करायचा असतो आणि दरवर्षी लोक हलता हलत नाहीत, सिक्युरिटीला तास लागतो म्हणे. सर म्हणाले, तुमच्या मावशींना पंधरा मिनिटं पुरतील.
मी अर्धा तास मागून घेतला आहे.